जुनी फॉर्च्युनर आणि पांदणीची परीक्षा

आंबिया बहाराचा पैसा हातात पडला की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात जुन्या मोठ्या गाड्यांची चौकशी वाढते. संत्र्याचा व्यापारी, मोठा बागायतदार, रस्त्याची कामं घेणारा ठेकेदार, सगळ्यांची मागणी बहुधा एकच असते: पांढरी फॉर्च्युनर, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, पहिल्या मालकाची आणि एमपी पासिंगची. यातल्या तीन गोष्टी जुळणारी गाडी नागपुरात शोधली तर सापडते. पाचही जुळणारी गाडी मात्र बाजारात दिसतच नाही. ती ओळखीपाळखीतच विकली जाते.

शौक आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण कामही आहे. सातपुड्याच्या पायथ्याची काळी माती भर पावसात चाकाला अशी धरते की पांदणीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो. श्रावण-भाद्रपदात फळगळ किती झाली हे बघायला बागेपर्यंत जायचं, तर चारही चाकं ओढणारी गाडी लागते. आणि त्याच गाडीतून संध्याकाळी नागपूरला लग्नाला जायचं असतं.

अशा गाड्या मुळातच कमी, कारण नवी गाडी घेणारे कमी. चार मीटरपेक्षा लांब, दीड हजार सीसीच्या वर इंजिन आणि १७० मिलिमीटर किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, म्हणजे ५० टक्के कर लागायचा. त्यावर आरटीओचा कर वेगळा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला तो १५ टक्के आहे. एवढं भरून घेतलेली गाडी पहिला मालक सहजासहजी सोडत नाही. त्यातही बरेच जण टू व्हील ड्राइव्ह घेतात, कारण हायवेला तेवढं पुरतं. मग जुन्या बाजारात खरी फोर बाय फोर येणार कुठून?

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर ४० टक्क्यांवर आला आणि नव्या फॉर्च्युनरची किंमत साडेतीन लाखांच्या जवळपास उतरली. जुनी गाडी विकायला काढलेल्यांना त्याची झळ लगेच लागली. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो, हे वरच्या थरातही खरं आहे. मे २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू होणार असं जाहीर झालं आणि किमती १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या. त्याआधी आयात केलेली रेंज रोव्हर पूर्ण किमतीला घेतलेल्या मालकाने तेवढा भाव घरबसल्या गमावला, गाडी एक किलोमीटरही न चालवता.

सौंसरकडच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याबरोबर नागपूरला अशी गाडी बघायला गेलो होतो. सोबत त्यांचा मिस्त्री. निघायच्या आदल्या रात्री मिस्त्रीने एकच निरोप दिला होता, "त्याले सांगा, सकाळी गाडी चालू नोको करू म्हना." पोचल्यावर त्याने कुणाशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. मगच चावी मागितली.

थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतं ते अर्धं मिनिट फार महत्त्वाचं. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. चालू इंजिनवर मिस्त्रीने ऑइलचं झाकण फिरवून सैल केलं आणि तिथेच ठेवलं. झाकण जागेवर थरथरत राहिलं. ते उडालं असतं किंवा खालून जोराने धूर आला असता, तर रिंगा गेल्या असं समजून आम्ही तिथूनच परतलो असतो.

नंतर तो रंगाकडे वळला. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग बघितला. पाना लागला की बोल्टच्या कडांचा रंग सोलतो आणि तो लपवणं अवघड असतं. काचांवर कोपऱ्यात छापलेलं साल एकमेकांशी जुळतं का, टायरवरच्या चार आकड्यांतला आठवडा आणि वर्ष काय सांगतात, चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळतो का, हे सगळं झालं. मग प्रत्येक सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि नागपुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. आतून धुऊन, नवे कव्हर घालून गाडी चकाचक करता येते. पण पट्ट्याच्या न उलगडणाऱ्या भागात गाळाची रेघ राहते आणि सीटखालच्या रुळांवर गंज राहतो. आमच्या गाडीत दोन्ही नव्हतं.

मागे फोर बाय फोरचा बिल्ला होता. बिल्ल्यावर कुणी विश्वास ठेवू नये, तो बाजारात मिळतो. २०१६ नंतरच्या फॉर्च्युनरमध्ये एच टू, एच फोर आणि एल फोर असं लिहिलेलं गोल बटण असतं. ते असलं तरच ती फोर बाय फोर. आणि ते नुसतं असून भागत नाही, लागलंही पाहिजे. वर्षानुवर्षं न वापरलेलं फोर व्हील ऐन वेळी दगा देतं. डांबरी रस्त्यावर ते लावून तीव्र वळण घेतलं तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि दात्यांवर ताण येतो. म्हणून व्यापाऱ्याने मालकाला कोरडा रस्ता सोडायला लावला. शहराबाहेर एका शेताकडे जाणाऱ्या पांदणीत गाडी उतरवली, थांबवली, न्यूट्रल केली आणि एल फोर लावला. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. ओल्या चरातून गाडी अॅक्सिलरेटरला पाय न लावता चढली. मिस्त्री खाली वाकून आवाज ऐकत चालत होता. वळणावर टकटक आली असती तर पुढचे सीव्ही जॉइंट गेलेले असते. त्याने फक्त मान हलवली.

हे बघताना मला त्या व्यापाऱ्याची बाग बघायची रीत आठवली. झाडावरचा माल आडव्या-उभ्या ओळींतून फिरून, फांदी उचलून, सावलीच्या बाजूचं फळ बघून जोखणारा माणूस गाडीची उजेडातली बाजू बघून फसत नाही.

भावाची बोलणी ताणली गेली ती एका वेगळ्याच गोष्टीवर: गाडी एमएच पासिंगची होती. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ च्या ऑक्टोबरात नवा जिल्हा झाला; त्याआधी सगळं छिंदवाड्यात होतं, म्हणून इथल्या गाड्यांवर एमपी २८ दिसतं. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं नागपूरकडे, भाषाही मराठी. पण गाडी सीमा ओलांडते तेव्हा भाषा कामी येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्या राज्याचा कर भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे घालायची तयारी हवी. म्हणून एमएच पासिंगची गाडी स्वस्त दिसली तरी इथल्या माणसाला ती तेवढ्याला पडत नाही. एमपी पासिंगची गाडी महाग का, याचं उत्तर इथेच आहे. व्यापाऱ्याने हा सगळा हिशोब कागदावर मांडला आणि तेवढी रक्कम मागितलेल्या भावातून सरळ उतरवायला लावली. मालक बराच वेळ गप्प राहिला, शेवटी तयार झाला.

परतताना एंडेव्हरचा विषय निघाला. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला भारतातलं गाड्यांचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिचं ३.२ लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन चालवलेला माणूस आजही तिच्याबद्दल हळवं बोलतो, आणि मला विचाराल तर चालवायला ती फॉर्च्युनरपेक्षा सरस होती. ती आता बनत नाही, म्हणजे दुर्मिळ झाली. तरी इथे फॉर्च्युनरचा भाव तिला येत नाही. कारण मिस्त्रीने सांगितलं, "हिचा पार्ट नागपुरात संध्याकाळपर्यंत भेटते. तिचा कवा येईन, सांगता येत नाही." उलट जिप्सी. मारुतीने ती २०१९ च्या सुमाराला थांबवली, पण पेंचच्या जंगलात पर्यटकांना घेऊन ती धावते, साधी आहे आणि कुठलाही मिस्त्री खोलून बसवतो. चांगल्या जिप्सीला अजून गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. गाडी कमी उरली म्हणून भाव टिकत नाही. ती कमी उरली आणि तरीही दुरुस्त होते, म्हणून टिकतो.

सौंसर-पांढुर्ण्याकडचे कुणी नागपूरहून अशी गाडी आणणार असाल तर एक विनंती. टोकन द्या, पण आरसीवर फायनान्स चढलेला असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात घ्या, चलानं भरलेली आहेत का ते परिवहनच्या अॅपवर स्वतः तपासा, आणि आरटीओची एनओसी निघेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.