फोटोतला शेतकरी आणि शेतातली बाई

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रविवारी दुपारी बचत गटाच्या बायका शाळेच्या एका खोलीत जमतात आणि आम्ही मिळून वर्तमानपत्र वाचतो. बातमीत नाव कोणाचं आलं, फोटो कोणाचा, बोलतंय कोण आणि पैसा कोणाच्या हाती गेला, हे एकेक करून तपासतो. एकदा कापसाच्या भावाची बातमी होती. फोटोत गाडीभर कापूस आणि शेजारी शेतकरी. एका काकूंनी विचारलं, "मॅडम, कापूस त आमीच येचतो, मंग फोटोत माणूसच काऊन?"

असा प्रश्न छापील कागदाला विचारण्याची परंपरा आपल्याच जिल्ह्यातली आहे. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने 'पुणेवैभव'सारख्या पत्रांनी बायकांच्या वागणुकीवर झोड उठवली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं. १८८२ मध्ये ताराबाईंचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध पुण्यात छापला गेला. किंमत नऊ आणे. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषांत किती आहे, हे त्यांनी रोखठोक दाखवलं. त्या काळच्या कथा-कादंबऱ्यांनी रंगवलेल्या बायकाही त्यांनी तपासल्या. टीका खूप झाली. महात्मा फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही आणि पहिलंही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

आमच्या वर्गात ताराबाई आल्या की बायका सरसावून बसतात. मग मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून वही काढायला लावते.

वेचणीच्या दिवसांतला हिशेब साधा असतो. सकाळी कमरेला ओटी बांधायची, सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडत असताना ओळीनं कापूस काढत जायचं, संध्याकाळी बांधावर काट्याला गाठोडं लावायचं. किलोमागे जो दर ठरला तो हातात. ही मजुरी वहीत येते. त्याआधीचं काम मात्र कोणी लिहीत नाही. पाणी, चूल, भाकरी, लेकरं, सासूचं औषध. आमच्या भागात पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, त्यामुळे गोड पाण्याची ओढ वेगळीच. मी प्रत्येकीला दिवस मांडायला सांगते: उठल्यापासून काय केलं, हेच काम मजूर लावून करून घेतलं असतं तर किती पैसे पडले असते. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असं आढळलं. आमच्या वह्यांतही अंतर तसंच दिसतं. "आमी घरीच असतो" म्हणणारी बाई ही बेरीज केल्यावर ते वाक्य पुन्हा उच्चारत नाही.

मग सातबारा येतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांपैकी जेमतेम १४ टक्के बायका होत्या. पीककर्ज, पीकविमा, अनुदान सगळं सातबारावरच्या नावानं मिळतं. कायदा मात्र आपल्या बाजूला आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी घरोघरी बहिणीचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात जातं, नाहीतर हक्कसोडपत्रावर तिची सही होते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. ही भीती मला समजते, पण तिची किंमत ती एकटी मोजते.

दुसरा रस्ताही महाराष्ट्रानं पाहिलेला आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत नवऱ्यांनी राजीखुशीनं जमीन बायकांच्या नावे केली. साताऱ्याच्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. त्या अक्षर शिकल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही यंत्राशिवाय करून दाखवतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना बजावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २००८ मध्ये त्याच गावात 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं. पैसा आणि आवाज, दोन्ही गावातच उभे राहिले.

माझं ठाम मत आहे की हे दोन्ही बरोबरच यावे लागतात. बातमीत बाई दिसत नाही, म्हणून तिचं काम मोजलं जात नाही. काम मोजलं जात नाही, म्हणून दाम कमी आणि सातबारावर नावही नाही.

तेव्हा वाचकांना विनंती. या आठवड्यात आपल्या घरचा सातबारा काढा आणि सगळी नावं मोठ्यानं वाचा. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव नसेल, तर घरात बोला आणि तलाठ्याकडे चौकशी करा. बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी तिचा वाटा किती आहे, हे तिला नीट समजावून सांगा.