कपड्यातली माया

दुकानात शर्ट दाखवला, की आपण रंग बघतो, मग किंमत विचारतो. मी मात्र शर्ट हातात आला की तो आधी उलटा करतो. दुकानदार जरा चमकतो. पण कपडा किती दिवस टिकणार, हे आतल्या बाजूलाच कळतं.

सुरुवात कापडापासून करू. कापसाचा तंतू जितका लांब, तितकी सुतातून बाहेर डोकावणारी टोकं कमी. ही टोकंच घासून घासून कापडावर गोळे धरतात. कोइमतूरला १९७० च्या दशकात तयार झालेलं ‘सुविन’ हे कापसाचं वाण नावाजलं गेलं, ते याच लांब तंतूंमुळे. दुकानात काही आपण तंतू मोजू शकत नाही; पण कापड उजेडासमोर धरता येतं. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग कापड बोटांनी चोळा. पांढरी भुकटी पडली, तर तो कडकपणा खळीचा समजा. पहिल्या धुण्यात तो निघून जाईल.

आता शिवण. एका इंचात किती टाके आहेत, ते मोजा. चांगल्या शर्टाला बारा-चौदा असतात; सात-आठच असले, तर ताण पडताच शिवण फाकते. मात्र टाके वाटेल तितके दाट घालूनही चालत नाही. सुईच्या भोकांनी कापडच कमजोर होतं. बटणाचा दोरा मागून पाहा. एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेलं बटण, दोऱ्याचं टोक ओढलं गेलं, की सहज निघून येतं.

सगळ्यांत महत्त्वाची ती माया. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आपले शिंपी माया म्हणतात. किती नेमका शब्द! माया असेल, तर अंगाला घट्ट झालेला कपडा सैल करता येतो, उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. कारखान्यात हजारो कपडे एकदम बेतताना थोडं थोडं कापड वाचवलं, तरी मोठी बचत होते. म्हणून पहिली कात्री मायेलाच लागते.

याची झळ कुणाला बसते? जूनमध्ये मुलांचे गणवेश घेणाऱ्या आईबापांना. फ्रॉकच्या खाली तीन इंच दुमडपट्टी असेल, तर पुढच्या जूनमध्ये ती सोडून तोच फ्रॉक वापरता येतो. ती नसेल, तर धडधाकट कापड केवळ आखूड झालं म्हणून टाकावं लागतं. तीनशे रुपयांचा फ्रॉक एक वर्ष आणि चारशेचा दोन वर्षं टिकला, तर स्वस्त कोणता, हे सांगायला गणित नको.

तेव्हा पैसे देण्याआधी कपडा एकदा उलटा करून पाहा. त्यात संकोच कसला?