पॅरिसच्या नगरचिन्हातील नौका

समुद्रापासून दूर वसलेल्या नगराने नौका हे आपले चिन्ह मानावे, हे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु फ्रान्सची राजधानी पॅरिस हिच्या ढालचिन्हात तांबड्या भूमीवर रुपेरी लाटांतून जाणारी शिडाची नौका आहे. वरच्या निळ्या पट्टीत लिलीची सोनेरी फुले असून खाली लॅटिन ब्रीद आहे. त्याचा आशय असा की, ‘लाटांनी हेलकावते, परंतु बुडत नाही.’

ही नौका सेन नदीतील होय. या नगराचे पोषण पूर्वी नदीनेच केले. धान्य, मद्य, लाकूड व मीठ जलमार्गाने येत असे. १७११ साली नोत्र-दाम या देवालयाखाली काही कोरीव शिळा सापडल्या. रोमन सम्राट तिबेरियसच्या कारकीर्दीत तेथील नावाड्यांच्या संघाने उभारलेल्या स्तंभाचे ते अवशेष होत. मध्ययुगात नदीवरील व्यापाऱ्यांचा संघ इतका प्रबळ झाला की, त्याचा प्रमुख हाच नगराचा कारभारी बनला आणि संघाच्या मुद्रेवरील नौका नगराची मुद्रा ठरली.

फुलांची गोष्ट निराळी आहे. लिली हे फ्रेंच राजघराण्याचे चिन्ह; नौकेच्या माथ्यावर ते बसले, ते राजसत्तेची खूण म्हणून. हे नाते नेहमीच सलोख्याचे नव्हते. १३५८ साली व्यापाऱ्यांचा प्रमुख एत्येन मार्सेल याने राजसत्तेविरुद्ध उठाव केला, व त्यातच तो मारला गेला. त्याच्या अनुयायांच्या टोप्यांचे तांबडा व निळा हे रंग मात्र नगराचे रंग म्हणून टिकले. १७८९ च्या क्रांतीत त्यांस पांढऱ्याची जोड मिळून फ्रान्सचा तिरंगा सिद्ध झाला.

१७९० साली सरदारकीबरोबर कुलचिन्हेही रद्द झाली, तेव्हा पॅरिसचे चिन्हही गेले. १८११ साली नेपोलियनने ते परत दिले; पण लिलीच्या जागी आपल्या मधमाश्या बसविल्या. १८१७ साली अठराव्या लुईने त्या काढून फुले पुनः आणली. प्रत्येक सत्ताधीशाचा हात माथ्यावरच्या पट्टीवर फिरला; खालची नौका मात्र चालतच राहिली. तिचे जुने ब्रीद १८५३ साली ओस्मान या प्रशासकाने अधिकृत केले.

१३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसवर दहशतवादी हल्ले होऊन १३० माणसे बळी पडली. त्यानंतर नागरिकांनी तेच लॅटिन शब्द भिंतींवर रंगविले. दुःखाच्या प्रसंगी लोकांस आठवली ती राजांची फुले नव्हेत, नावाड्यांची नौका होय.