जहाजांच्या गावातला चाळीस फुटी हत्ती

यात्रेच्या मैदानात पाळणे लागले की पोरे आधी कुठे धावतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. मोठी मुले आकाशपाळण्याकडे जातात. लहानगी मात्र फिरत्या चक्रीपाशी थांबतात आणि घोड्यासाठी भांडतात. त्याच चक्रीत साधी खुर्चीही असते. ती शेवटी उरते. खुर्चीत बसले तरी फेरे तेवढेच आणि पैसेही तेवढेच. तरी पोराला घोडाच हवा. लाकडाला कान, डोळा आणि आयाळ आली की त्याच्या लेखी ते जनावर झाले. विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल सजवून मिरवतात, तेव्हा त्या बैलाच्या शिंगांचा आणि झुलीचा थाट खऱ्या बैलाइतकाच मनापासून केलेला असतो.

यंत्राला जनावराचे रूप देण्याचा हा उद्योग जगात कुठवर गेला आहे, ते आज तुम्हाला सांगायचे आहे. त्यातली पहिली मोठी उडी मारली ती शेतीची अवजारे करणाऱ्या एका माणसाने.

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक नावाचा परगणा आहे. तिथल्या किंग्ज लिन या बंदराच्या गावी फ्रेडरिक सॅव्हेज नावाचा कारागीर होता. जन्म १८२८ चा. त्याचा कारखाना शेतकऱ्यांसाठी यंत्रे आणि वाफेची इंजिने बनवी. शेतीच्या यंत्रांचा धंदा हंगामी असतो, हे तुम्ही जाणताच. पुढे त्याने तीच वाफ जत्रेतल्या चक्रीला जोडली. त्याआधी चक्री माणसे ढकलीत, नाही तर एखादे तट्टू बिचारे गोल फिरत राही. सॅव्हेजच्या कारखान्यातून मधोमध वाफेचे इंजिन असलेल्या चक्र्या निघू लागल्या. घोडे टांगलेल्या दांड्या वर वाकड्या आसाला जोडलेल्या असत. शिलाई यंत्राच्या पायट्याने चाक फिरते. इथे त्याच्या उलट, आस फिरला की घोडा वर-खाली होई. घोडा नुसता पुढे सरकला तर ती गाडी, पण सरकता सरकता उसळला की ती चौखूर दौड! एवढ्याशा फरकाने जत्रेचे रूप बदलले. १८९७ साली सॅव्हेज वारला, पण त्याच्या धर्तीचे उसळते घोडे इंग्लंडच्या जत्रांत आजही फिरतात.

यातली एक गंमत जनावरे पाळणाऱ्यांना चटकन समजेल. इंग्लंडातली चक्री घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. कारण घोड्यावर डाव्या अंगाने चढायची रीत आहे, आणि अशा फिरण्यात घोड्याची डावी बाजू बाहेर, लोकांकडे येते. आपल्याकडे ज्या अंगाला बैल जुंपायची सवय लावली, त्याच अंगाला तो नीट चालतो, तसाच हा प्रकार. अमेरिकेतल्या चक्र्या मात्र उलट्या फिरतात. तिथले कारागीर लोकांना दिसणारी उजवी बाजू कोरून, नटवून काढीत आणि आतली बाजू साधीच ठेवीत. व्यवहार तो व्यवहार! फिलाडेल्फिया शहरी गुस्ताव डेन्टझेल नावाचा जर्मनीहून आलेला कारागीर होता. त्याच्या कारखान्याने तर सिंह, जिराफ, शहामृग, ससे, एवढेच काय, तोंडात मासा धरलेली मांजरेही चक्रीवर बसवली.

पण ही सारी जनावरे एका ठशातली. दांडीला बांधलेली, डोळे उघडे, तोंड वासलेले. जनावर जिवंत आहे हे आपण नुसत्या आकारावरून ओळखत नाही. गोठ्यात अंधार असला तरी श्वासावरून आणि कान फडफडल्याच्या आवाजावरून गाय कुठे उभी आहे ते तुम्हाला कळते. यंत्रात हे आणण्याचा खटाटोप ज्या गावाने मनापासून केला, ते गाव फ्रान्समध्ये आहे.

गावाचे नाव नांत. ल्वार नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे हे मोठे शहर वसले आहे. नदीच्या दोन फाट्यांमध्ये एक बेट आहे, आणि त्या बेटावर पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधली जात. तापलेले लोखंड वाकवणारे, पत्रे जोडणारे, सुतार, रंगारी अशी घरेच्या घरे त्या कामावर जगली. १९८७ साली बेटावरून शेवटचे जहाज निघून गेले आणि गोद्या बंद पडल्या. उरल्या त्या रिकाम्या, उंच छपरांच्या शाळा आणि काठावरच्या याऱ्या.

मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले ते आपल्यापैकी कित्येक घरांनी सोसले आहे. १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले चुलते, मामा ज्यांच्या घरात होते, त्यांना बंद पडलेले कामाचे ठिकाण म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. गिरण्यांच्या जागी पुढे टोलेजंग इमारती आणि दुकाने झाली. नांतच्या लोकांपुढेही प्रश्न तोच होता, या जागेचे करायचे काय? बरीच वर्षे ती जागा तशीच पडून राहिली.

उत्तर सापडले ते गावच्याच एका लेखकाच्या आधाराने. ज्यूल व्हर्न याचा जन्म १८२८ मध्ये नांतचा. पाण्याखाली चालणारी बोट, चंद्राची सफर असल्या अचाट कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक. १८८० साली त्याची एक कादंबरी आली, वाफेच्या घराची. तिच्यात एक इंग्रज इंजिनीअर लोखंडाचा, वाफेवर चालणारा हत्ती बनवतो. हत्तीच्या सोंडेतून धूर निघतो आणि त्यामागे चाकांवरची दोन घरे जोडलेली असतात. साहेबलोक त्यात बसून कलकत्त्याहून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सफर करतात.

आता आश्चर्याची गोष्ट ऐका. या फ्रेंच कादंबरीची सुरुवात आपल्या मराठवाड्यात होते! १८६७ साल दाखवले आहे. औरंगाबाद शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भिंतीवर सरकारी जाहीरनामा लागलेला असतो, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनाम देऊ म्हणून. पुढे वेरूळच्या लेण्यांचाही प्रसंग येतो. हे अर्थात कल्पित आहे. दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब १८५७ च्या युद्धानंतर नेपाळच्या बाजूला गेले, आणि १८६७ साली ते इकडे असल्याचा काही पुरावा नाही. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नाही. त्याने नानासाहेब रंगवले तेही साहेबांच्या चष्म्यातून, म्हणून आपल्याला ती कादंबरी जागोजागी खटकते. हत्ती मात्र झकास उतरला आहे. कथेच्या शेवटी बॉयलर फुटून त्याचा चक्काचूर होतो.

व्हर्नच्या मृत्यूला २००५ मध्ये शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने रॉयाल द ल्यूक्स या नाटकमंडळीने नांतच्या रस्त्यांवर एक प्रचंड हत्ती चालवला. यंत्राची रचना फ्रान्स्वा देलारोझिएर यांची. पण नुसता हत्ती आणून उभा केला नाही, त्याला एक गोष्ट दिली. एका सुलतानाला एक मुलगी वारंवार स्वप्नात दिसते, तिचा ठाव घ्यायला तो काळातून प्रवास करणारा हत्ती बनवून घेतो, अशी ती गोष्ट. पुढच्या वर्षी, मे २००६ मध्ये, हा खेळ लंडनला गेला. तिथे एका चौकात रस्ता फोडून रुतलेले लाकडी रॉकेट लोकांना दिसले, त्यातून एक राक्षसी उंचीची बाहुली निघाली आणि मग हत्ती आला. लोकांची रीघ लागली. कुठून आला, कशासाठी आला, कोणाला शोधतो आहे, हे कळले की लोक त्याला यंत्र म्हणून पाहतच नाहीत. आपल्या सोंगी भारुडात किंवा दशावतारात राक्षस येण्याआधी त्याची वार्ता येते, तिचे काम हेच.

देलारोझिएर आणि पिएर ओरेफिस या दोघांनी मग नांतच्या त्या ओसाड बेटावर, जहाजांच्या जुन्या शाळांतच कार्यशाळा मांडली. २००७ च्या उन्हाळ्यात तिथून नव्याने बांधलेला हत्ती बाहेर पडला. उंची १२ मीटर, म्हणजे सुमारे चाळीस फूट. लांबी २१ मीटर, रुंदी ८ मीटर. वजन ४८.४ टन, आपल्या हिशेबाने ४८४ क्विंटल. खरा हत्ती चार-पाच टनांचा धरला तर हा एकटा दहा हत्तींच्या भाराचा झाला. पोटात आणि पाठीवर मिळून पन्नासेक माणसे बसतात. पोटातल्या खोलीला खिडक्या आहेत, सज्जे आहेत. चाल तासाला एक ते तीन किलोमीटर. आपली भरली बैलगाडीही त्याला मागे टाकील.

सांगाडा पोलादाचा, वरची कातडी लाकडाची, कान खऱ्या चामड्याचे. स्नायूंच्या जागी साठाहून अधिक दट्ट्ये बसवले आहेत. ट्रॅक्टरची ट्रॉली उपडी करणारा हायड्रॉलिक जॅक तुम्ही रोज पाहता. त्याच जातीचे लहानमोठे जॅक याच्या पायांत आहेत आणि सोंडेत आहेत. एक खरे सांगून टाकतो, हत्तीचा भार पायांवर नाही. पोटाखाली चाके आहेत आणि तो त्यांवर पुढे सरकतो. पाय पाळीपाळीने उचलून टेकवले जातात, एवढेच. पण पाहणाऱ्याची नजर चाकांवर जातच नाही, आणि खरी कारागिरी तिथे आहे.

ती नजर बांधून ठेवते कोण? पहिली पापणी. हत्ती डोळा मिटतो आणि उघडतो, तोही सावकाश. दुसरी त्याची संथ चाल. जड जनावर घाई करत नाही. खरा हत्ती कितीही जोरात निघाला तरी चारही पाय एकदम उचलून उडी मारत नाही, हे या लोकांनी नीट पाहिले आहे. तिसरी म्हणजे त्याची खोडी. रस्त्याने जाता जाता हत्ती सोंड वळवतो आणि गर्दीवर पाण्याचा फवारा मारतो! पोरे किंचाळत पळतात आणि भिजायला परत येतात. ही सोंड आपोआप हलत नाही, चालवणारा माणूस समोरचे लोक पाहून ती हलवतो. जनावर आपल्याकडे पाहून काही करते, असे वाटले की आपण त्याला जनावर मानतो. म्हणून माझ्या मते सगळे कसब त्या चालकाच्या हातात आहे. महागडी मोटार बसवली म्हणून हे साधले नसते.

पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच बेटावर समुद्राची चक्री उभी राहिली. उंची जवळजवळ २५ मीटर, रुंदी २२ मीटर आणि मजले तीन. तळमजल्यावर समुद्राचा तळ, मधे अंधाऱ्या खोल पाण्यातले जीव, वरती लाटा आणि होड्या. आपल्या चक्रीत सगळे घोडे एका रांगेत असतात. इथे प्रत्येक प्राण्याची जागा ठरलेली. खेकडा तळाशीच, खोल पाण्यातला मासा मधल्या मजल्यावर. शिवाय बसणाऱ्याला नुसते बसून चालत नाही. समोरच्या दांड्या ओढल्या की माशाचा जबडा उघडतो, कल्ले हलतात, डोळे फिरतात. म्हणजे पोरगे प्राण्यावर बसत नाही, प्राणी चालवते. आजीआजोबासुद्धा दांड्या ओढण्यात रंगून जातात.

आता हत्तीने जहाजवाल्यांची भाकरी परत मिळवून दिली, असे मात्र समजू नका. गोद्या बंद पडल्या १९८७ मध्ये आणि हत्ती आला २००७ मध्ये. मधली वीस वर्षे कोणाचे पोट थांबले नाही. ज्यांचे काम गेले, त्यांचे गेले. झाले ते एवढेच की लोखंड कापणे, जोडणे, लाकूड कोरणे हे काम त्याच छपरांखाली पुन्हा सुरू झाले. कार्यशाळा लोकांना वरच्या सज्जातून पाहता येते, त्यामुळे शाळेतली मुले तिथे सुताराला आणि वेल्डरला काम करताना पाहतात. आपल्याकडे लोहाराचा भाता बंद झाला तेव्हा त्याच्या मुलाला कोणी असे पाहायला बोलावले नाही.

नांतचे पाहून इतर गावांनीही असे प्राणी मागवले. २०१८ मध्ये तुलूझ शहरात माणसाच्या धडाचा आणि बैलाच्या तोंडाचा मिनोतोर आला. ग्रीक पुराणातला हा प्राणी तिथे पाठीवर माणसे घेऊन हिंडतो. २०१९ मध्ये कॅले बंदरात आग ओकणारा ड्रॅगन आला, तोही सवारी देणारा.

नांतचा स्वतःचा सर्वांत मोठा बेत मात्र फसला. ३५ मीटर उंचीचे पोलादी झाड उभारायचे, त्याच्या फांद्यांवर खरी बाग लावायची आणि शेंड्यावर दोन यांत्रिक बगळे पंखांखाली पाळण्यांत माणसे घेऊन गोल फिरायचे, असा तो घाट होता. नमुन्याचा बगळाही करून झाला, त्याच्या पंखांचा विस्तार आठ मीटर. खर्च मात्र दरवर्षी वाढत गेला आणि २०२२ मध्ये नगरप्रशासनाने बेत सोडून दिला. काहींना वाईट वाटले, काहींनी करदात्यांचा पैसा वाचला म्हणून सुस्कारा सोडला. हत्तीचे फेरे चालूच राहिले. नांतला जाण्याचा योग आला आणि कोरडे राहायचे असेल, तर त्याच्या सोंडेसमोर उभे राहू नका, मागच्या पायांच्या बाजूने चाला.