माहेरचा संघ

२०१६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतल्या शिकागो शहरात एक विटांची भिंत नावांनी भरून गेली होती. रंगीत खडूंनी लिहिलेली नावं. कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या आईचं, कुणाच्या भावाचं. हात पोचेल तिथपर्यंत लोकांनी नावं लिहिली, लहान मुलांना खांद्यावर घेऊन त्याच्याही वर लिहिली. त्यातली बरीचशी नावं आता या जगात नसलेल्या माणसांची होती. ती भिंत कुठल्या स्मारकाची नव्हती. ती होती ‘रिग्ले फील्ड’ नावाच्या खेळाच्या मैदानाची. आणि निमित्त होतं, ‘शिकागो कब्स’ हा बेसबॉलचा संघ तब्बल १०८ वर्षांनी जिंकला याचं!

तुम्ही म्हणाल, आपल्याला बेसबॉलचं काय? आपल्याकडे क्रिकेट लागलं की टीव्हीचा रिमोट हातातून जातो, तेवढा खेळाशी संबंध पुरे. पण मैत्रिणींनो, मला या खेळापेक्षा त्या भिंतीवर लिहिणाऱ्या माणसांचं नवल वाटलं. जिंकणाऱ्याच्या मागे सगळेच धावतात. जो संघ आजोबांच्या हयातीत जिंकला नाही, वडिलांच्या हयातीत जिंकला नाही, त्याच्यामागे नातू उभा राहतो, त्याला काय म्हणायचं?

ही गोष्ट मला कळली ती माझ्या धाकट्या नणंदेमुळे. लग्नानंतर ती शिकागोजवळच्या एका उपनगरात राहायला गेली. तिच्या शेजारी एक आजी राहायच्या. नणंद त्यांचं फोनवर फार कौतुक करायची. स्वयंपाकघरात ओट्यावर रेडिओ, त्यावर सामन्याचं धावतं वर्णन, आणि आजी बटाटे सोलता सोलता खेळाडूंना रागे भरतायत! बेसबॉलच्या एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोज एक सामना. म्हणजे वर्ल्डकप आला की अंगात येणारं वारं नव्हे हे. रोज दूध तापवावं, रोज तुळशीला पाणी घालावं, तसं रोजचं काम.

कब्स म्हणजे अस्वलाची पिल्लं. हा संघ १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षं ‘वर्ल्ड सिरीज’ म्हणजे अंतिम मालिका जिंकला. त्यानंतर मात्र सारं थांबलंच. १९४५ मध्ये अंतिम मालिकेपर्यंत पोचले, हरले. १९६९ मध्ये मोसमभर पुढे होते, शेवटच्या महिन्यात घसरले. १९८४ मध्ये फक्त एक सामना जिंकायचा होता, लागोपाठ तीन हरले. दर वर्षी मोसम संपला की त्यांच्या चाहत्यांचं एकच वाक्य ठरलेलं, ‘थांबा, पुढच्या वर्षी बघा!’ नणंदेने हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. आपणही गणपतीला निरोप देताना पुढच्या वर्षाचंच बोलतो ना?

आता यातली बायकांची गोष्ट ऐका. १९२०च्या दशकात बरेच संघमालक रेडिओला घाबरायचे. घरबसल्या खेळ ऐकायला मिळाला तर तिकीट कोण काढणार? कब्सचे मालक विल्यम रिग्ले हे च्युइंगमवाले. त्यांनी मात्र रेडिओवाल्यांना दारं उघडी केली. शिवाय ‘लेडीज डे’ ठेवले, त्या दिवशी बायकांना मैदानात फुकट प्रवेश. बायका हजारोंनी आल्या. १९३०च्या मोसमात तर एका लेडीज डेला एवढी झुंबड उडाली की बसायला जागा पुरेना. आणखी एक गंमत म्हणजे या मैदानावर १९८८च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते. घरचे सगळे सामने दुपारचे. दुपार म्हणजे कुणाची वेळ? सकाळचं उरकून संध्याकाळच्या तयारीला लागण्याआधी बाईला जी काय तासा-दोन तासांची उसंत मिळते, ती. त्या उसंतीत रेडिओ, पुढे टीव्हीही, कितीतरी घरांत लागायचा. मुलं शाळेतून धावत घरी यायची आणि आईला विचारायची, किती झाले? अशा रीतीने एका पिढीचं वेड दुसऱ्या पिढीत गेलं, बऱ्याचदा आईच्या हातून.

आणि बायका फक्त ऐकतच होत्या असं नाही. दुसऱ्या महायुद्धात बरेच पुरुष खेळाडू सैन्यात गेले. तेव्हा विल्यम रिग्लेंचे चिरंजीव फिलिप रिग्ले यांनी १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक लीग सुरू केली. निवड चाचणी याच रिग्ले फील्डवर झाली. आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर पगार, त्या काळी मुलीसाठी मोठाच. पण अट काय, तर खेळायचं आखूड स्कर्ट घालून, ओठांना लिपस्टिक लावून. चालावं-बोलावं कसं याचे वर्ग आधी करायचे! जमिनीवर घसरत जाऊन पुढचा तळ गाठायचा हा खेळ, त्यात मांड्या सोलवटून निघायच्या. तरी सहाशेहून अधिक मुली त्या लीगमध्ये खेळल्या. १९५४ मध्ये ती बंद पडली. पुढे १९९२ मध्ये त्यांच्यावर इंग्रजी चित्रपट आला, तेव्हा कुठे पुष्कळांना कळलं की असंही काही होऊन गेलं.

परत आपल्या आजींकडे येऊ. त्यांची खरी गंमत मला पुढे कळली. शिकागोत दोन संघ आहेत. शहराच्या उत्तर भागाचा कब्स आणि दक्षिण भागाचा ‘व्हाइट सॉक्स’. दोन्हींच्या चाहत्यांतून विस्तव जात नाही. आजी उत्तरेकडच्या, लहानपणी वडिलांचा हात धरून रिग्ले फील्डवर गेलेल्या. आणि सासर कुठलं? दक्षिणेकडचं! नवरा, दीर, सासरे सगळे पक्के व्हाइट सॉक्सवाले. लग्न झाल्यावर आडनाव बदललं, घर बदललं, चर्चही बदललं. सासूबाईंनी सुचवून पाहिलं, आता संघही बदल. आजी म्हणाल्या, ‘ते मात्र होणार नाही.’

२००५ मध्ये व्हाइट सॉक्स ८८ वर्षांनी जिंकले. आजींनी सासरच्या गोतावळ्याला घरी जेवायला बोलावलं, केक केला, सगळ्यांचं अभिनंदन केलं. आणि भांडी घासताना डोक्यावर कब्सची निळी टोपी घातली. नणंद म्हणाली, ‘वहिनी, तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या होत्या गं!’

पण या निष्ठेलाही एक वाईट बाजू आहे. ती झाकून चालणार नाही, कारण ती आपल्याही घरात आहे. हार पचली नाही की माणसं दोष द्यायला कुणीतरी शोधतात. १९४५च्या अंतिम मालिकेत विल्यम सियानिस नावाचा खाणावळवाला आपली पाळीव बकरी घेऊन मैदानात आला होता. तिला बाहेर काढलं म्हणून त्याने संघाला शाप दिला, अशी कथा पसरली. पुढची सत्तर वर्षं प्रत्येक पराभवाचं खापर त्या मुक्या जनावराच्या शापावर! तिथवर ठीक, हसून सोडून देता येतं. पण ऑक्टोबर २००३ मध्ये कब्स अंतिम मालिकेच्या अगदी दारात होते. प्रेक्षकांच्या बाजूला उडालेला एक चेंडू झेलायला काही जणांनी हात पुढे केले. त्यातल्या एका तरुणाचा हात चेंडूला लागला, खेळाडूचा झेल हुकला. त्यानंतर संघाने त्याच डावात आठ धावा दिल्या आणि सामना घालवला. आठ धावा काही त्या पोराने दिल्या नव्हत्या. पण सगळं मैदान त्याच्यावर उलटलं. सुरक्षारक्षकांनी त्याला कसंबसं बाहेर काढलं. तो स्वतः याच संघाचा चाहता होता. पुढे किती वर्षं बिचारा लोकांसमोर आला नाही.

हे ऐकलं आणि मला आमच्या तालुक्याच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात आलेली एक मुलगी आठवली. मी तिथे आठवड्यातून दोन दिवस जाते. ही मुलगी लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत सासऱ्यांचं दुकान बंद पडलं. झालं! ‘पांढऱ्या पायाची’ हा शिक्का बसला. हळदीकुंकवाला तिला पुढे येऊ देईनात. आम्ही घरच्यांना बोलावून कागद मांडायला लावले, तेव्हा कळलं, दुकानावरचं कर्ज लग्नाच्या तीन वर्षं आधीचं. सासू गप्प बसली, पण शब्द काही मागे घेतला नाही. ती मुलगी आता वेगळी राहते, ब्लाउज शिवते, महिन्याचं भाडं स्वतः भरते. तीही त्या घराचीच होती, त्यांचं भलं व्हावं म्हणून संकष्टी धरणारी. शिकागोतल्या त्या तरुणासारखीच.

तर शेवटी २०१६ साल उजाडलं. अंतिम मालिकेत समोर क्लीव्हलंडचा संघ, तोही १९४८ पासून तहानलेला. सातपैकी चार सामने जिंकायचे, आणि कब्स ३-१ असे मागे पडलेले. तिथून त्यांनी बरोबरी केली. सातवा सामना २ नोव्हेंबरला. आपल्याकडे ३ तारखेची सकाळ, भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले, डब्यात चकल्या अजून शिल्लक होत्या. नणंदेचे सारखे मेसेज. कब्स पुढे, मग बरोबरी, नऊ डाव संपले तरी निकाल नाही. त्यात पाऊस आला! सतरा मिनिटं खेळ थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्ड या खेळाडूने सगळ्या संघाला एका खोलीत गोळा केलं आणि धीर दिला. त्याची स्वतःची फलंदाजी त्या मोसमात काही बरी झाली नव्हती, पण धीर देण्याचं काम त्याने केलं. दहाव्या डावात कब्सने दोन धावा काढल्या आणि सामना ८-७ असा जिंकला. आपल्याकडे सव्वादहा वाजले होते, शिकागोत मध्यरात्र होत आली होती. नणंदेने फोन केला तो रडतच. म्हणाली, ‘वहिनी, आजी अंगणात येऊन उभ्या आहेत. मोठ्याने वडिलांना हाक मारून सांगतायत, बाबा, झालं हो!’

पुढच्या आठवड्यात माझी नणंद त्यांना गाडीतून रिग्ले फील्डला घेऊन गेली. आजींनी भिंतीवर वडिलांचं नाव लिहिलं, भावाचं लिहिलं. मग थोडा विचार करून नवऱ्याचंही लिहिलं, आणि कंसात ‘व्हाइट सॉक्स’!

२००३ मधल्या त्या तरुणालाही संघ विसरला नाही. २०१७ मध्ये विजेत्या खेळाडूंना देतात तशी अंगठी संघाने त्याला दिली. चौदा वर्षं लागली, पण दिली. आपल्याकडे अशी अंगठी किती सुनांची देणं लागतो आपण?

आणखी एक योगायोग सांगते. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे टाके असतात, तेही १०८ जोड. आपल्या जपमाळेतही मणी १०८च. माळ ओढताना कुणी फळाचा हिशेब ठेवत नाही. पण खरं सांगू, मी ‘निष्ठा’ हा शब्द आताशा जपूनच वापरते. केंद्रात येणाऱ्या कितीतरी बायकांना तो शब्द मार खाऊन गप्प बसायला शिकवण्यासाठी वापरलेला मी पाहिला आहे. बाईने निष्ठा ठेवायची, तीही कुणावर हे दुसऱ्यांनी ठरवायचं, आणि वर कुरकुर करायची नाही! आजींची निष्ठा तशी नव्हती. ती त्यांनी स्वतः निवडली होती. त्या संघाला मनसोक्त शिव्या घालायच्या, हसायच्या, रेडिओ बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत लावायच्या. त्या संघाने त्यांच्याकडून कधी काही हिरावून घेतलं नाही. उलट सगळं बदललं तेव्हा, लहानपणची ती मुलगी त्यांच्यात शिल्लक ठेवली.

आमच्या बचत गटात एक साठीच्या मावशी आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, ‘त्यात काय मोठं? माझ्या माहेरच्या गावचा कबड्डीचा संघ आहे की. जत्रेला दर वर्षी हरतो.’ लग्नाला चाळीस वर्षं झाली, तरी जत्रेच्या सामन्याला बाई हजर. सासरचं गावही त्याच स्पर्धेत उतरतं. नातू आजीची चेष्टा करतात, आजी तू कुणाकडून? त्या सरळ पलीकडच्या बाजूला जाऊन बसतात.

यंदा जत्रेला त्यांच्याबरोबर आमच्या गटातल्या सातजणी गेलो होतो. मावशींचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. परतताना एसटीत त्यांनी पिशवीतून भडंग काढलं, सगळ्यांच्या हातावर घातलं आणि म्हणाल्या, ‘पोरगं चढाईला चांगलं आहे. पण पकडीला माणूस पाहिजे. बघू पुढच्या वर्षी.’