निरुपयोगी संदेशरांगांची आवराआवर

मानपाडा नांवाचीं दोन ठिकाणें आपल्या ठाणें जिल्ह्यांत आहेत : एक ठाणें शहरांत घोडबंदर रस्त्यालगत, दुसरें डोंबिवलीच्या पूर्व भागांत. पाकिटावर नुसतें ‘मानपाडा’ लिहिल्यास टपालवाल्यास अर्थबोध कसा व्हावा? असले घोटाळे टाळण्यासाठींच १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला.

बँकांच्या व मोठ्या पेढ्यांच्या संगणकांतही असेंच टपाल चालतें. एका प्रोग्रॅमनें धाडलेला निरोप दुसरा प्रोग्रॅम उचलीपर्यंत जेथें थांबतो, त्या जागेस ‘क्यू’ म्हणजे रांग म्हणतात. १९९३ सालीं निघालेली व हल्लीं ‘आयबीएम एमक्यू’ या नांवानें ओळखली जाणारी व्यवस्था याच जातीची आहे. तींत रांगांचा कारभार क्यू मॅनेजर पाहतो, आणि प्रत्येक रांगेचें नांव व नियम त्याच्यापाशीं नोंदलेले असतात.

कालांतरानें प्रोग्रॅम बंद पडतात. रांगांच्या नोंदी मात्र तशाच राहतात. अशा बेवारस रांगेंत चुकून एखादा पैसे देण्याचा हुकूम पडला, तर तो वाचणार कोण? म्हणून आवराआवर अवश्य करावी. तथापि रिकामी रांग म्हणजे निरुपयोगी रांग नव्हे. कांहीं रांगा वर्षअखेरच्या हिशेबापुरत्याच जाग्या होतात. शेवटचा निरोप केव्हां आला ती तारीख पाहतां येते खरी. परंतु ती क्यू मॅनेजर सुरू झाल्यानंतरचीच असते. तो कालच सुरू झाला असेल, तर कोऱ्या तारखेनें कांहींच सिद्ध होत नाहीं.

यास्तव क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व नोंदींची प्रत काढावी. नंतर ती रांग कोणाची, हें विचारावें. तिच्याकडे बोट दाखविणारीं टोपणनांवें शोधावीं. कारण रांग काढली तरी टोपणनांव मागें उरतें, व तें वापरणारा प्रोग्रॅम अडतो. मग रांगेंत निरोप टाकण्यास बंदी करून वर्षाचा एक फेरा वाट पहावी. कोणी तक्रार न केल्यास ती काढावी. मात्र क्यू मॅनेजर योग्य तोच आहे ना, हें पुन्हां पहावें. एकाच नांवाच्या रांगा दोघांपाशीं असूं शकतात, मानपाड्यासारख्या!

आंत निरोप असतांना साधा हुकूम रांग काढण्यास नकार देतो. ‘पर्ज’ हा शब्द जोडला म्हणजे निरोपांसह ती नाहींशी होते. तो शब्द लिहिण्यापूर्वीं आंतील निरोप कोणाचे, याची चौकशी करणें हेंच या कामांतील खरें कर्तव्य होय.