डिजिटल विषमतेचे मापन : 'कुटुंब' या एककाचा पुनर्विचार

डिजिटल विषमतेची आपल्याकडील चर्चा प्रामुख्याने 'सुविधा आहे की नाही' या एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) देशातील 23.8 टक्के कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती. 2025 च्या दूरसंचारविषयक सर्वेक्षणात हे प्रमाण 86.3 टक्के आढळले. केवळ या आकड्यांवर विसंबल्यास विषमता जवळजवळ संपुष्टात आली, असा निष्कर्ष निघेल. तो स्वीकारता येत नाही.

त्याच 2025 च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील 15 वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी 80.7 टक्के, तर स्त्रियांपैकी केवळ 48.4 टक्के व्यक्तींकडे स्वतःच्या मालकीचा मोबाइल होता. म्हणजेच घरात इंटरनेट आहे. परंतु ते घरातील कोणाचे, हा प्रश्न उरतोच. एकच स्मार्टफोन असलेल्या घरातील कर्ता पुरुष सकाळी कामावर गेला की घराचे इंटरनेटही त्याच्या खिशातून जाते. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज ओटीपीअभावी सायंकाळपर्यंत अडून राहतो. सर्वेक्षणाच्या नोंदीत मात्र हे कुटुंब 'सुविधायुक्त' ठरते.

या संदर्भात ब्रिटनमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या पुढाकाराने विकसित झालेली 'किमान डिजिटल जीवनमान' ही संकल्पना विचारात घेण्याजोगी आहे. येथे मोजमापाचे एकक व्यक्ती नसून कुटुंब आहे आणि किमान गरज कोणती, हे तज्ज्ञांनी नव्हे, तर पालक व मुलांनी गटचर्चेतून ठरविले. त्यांच्या यादीत जोडणी व उपकरणे यांच्यासोबत ऑनलाइन व्यवहार करणे, फसवे संदेश ओळखणे अशी कौशल्येही आहेत. 2024 च्या अहवालानुसार ब्रिटनसारख्या संपन्न देशातही मुले असलेली 45 टक्के कुटुंबे या निकषाखाली आढळली.

ती यादी जशीच्या तशी आपल्याकडे लागू करणे योग्य होणार नाही. तीत स्मार्ट टीव्ही आहे. आपल्याकडे आधारशी जोडलेला व चालू असलेला मोबाइल क्रमांक कदाचित प्रथम येईल. घेण्याजोगी आहे ती पद्धत. प्रवेश अर्जात मोबाइल क्रमांकाचा रकाना असतोच. तो क्रमांक विद्यार्थ्याचा स्वतःचा, वडिलांचा की सायबर कॅफेचालकाचा, हे सहसा विचारले जात नाही. तेवढे विचारले, तरी शिष्यवृत्तीची मुदत संपण्यापूर्वी कोणत्या विद्यार्थ्यांना कार्यालयात बोलावून घ्यावयाचे, हे महाविद्यालयास कळू शकेल.